मंडळ तेच, खेळ दुसरा

एका मंडळाने वर्षानुवर्षं एकच खेळ खेळत राहावं, की अधूनमधून दुसरा खेळ मांडून बघावा? प्रश्न टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम्सचा आहे. ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांना थोडक्यात सांगते. चार-सहा माणसं टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एकाच्या हातात सूत्रं असतात. तो प्रसंग सांगतो, वाटेत भेटणारी माणसं, जनावरं, संकटं उभी करतो. बाकीचे आपलं पात्र काय करील ते बोलून सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकतात. पोशाख नसतो, पाठ केलेले संवाद नसतात. बोलता बोलता गोष्ट तयार होत जाते आणि ती कुठे जाणार हे सूत्र धरणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

आमचं मंडळ गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि दरेकसा इथल्या मित्रमैत्रिणींचं. बसायचं ठिकाण दरेकसा. गोंदियाहून दुर्गकडे जाणारी गाडी पकडली की झालं. छत्तीसगडची सीमा लागायच्या आत, डोंगर सुरू होतात तिथे उतरायचं. माझ्या मामांची छपरी ऐसपैस आहे आणि मामींना घर भरलेलं आवडतं. आजवर आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकच खेळ खेळलो. आता मला दुसरे खेळ मांडायचे आहेत, आणि मामांचा त्याला ठाम विरोध आहे.

मामा खेळत नाहीत. पण खाटेवर पडून सगळं ऐकतात, आणि आमच्या गोष्टीत कोणतं पात्र कुठे काय बोललं हे त्यांना आमच्याहून चांगलं आठवतं. रेल्वेच्या गँगमध्ये नोकरी करत असताना दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते दंडार हे लोकनाट्य करायचे. सोंग घेणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांचा विरोध मी हलक्यात घेत नाही. आमचं बोलणं एका बैठकीत संपलेलं नाही. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते इथे मांडते.

मामा — मला एक सांग बाई. पोट्टे इतक्या दुरून येतात, गोष्ट रंगात आली, तो तुमच्या गोष्टीतला चोर आत्ता कुठं माणसात येऊन राहिला. अन् तू म्हणतेस खेळ बदलू. काहून?

मी — चोर माणसात येतोय, पण खेळाने त्याला आणलेलं नाही मामा. खेळवणारा मुलगा चांगला आहे, म्हणून येतोय. नियम काय सांगतात ते बघा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ काढला. त्यात पात्राची वाढ मुख्यतः खजिन्यावर मोजली जायची. भुयारातून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण. आम्ही खेळतो ती 2014 ची पाचवी आवृत्ती. तिच्यात नाण्यांचा हिशेब गेला, पण हरवलेल्या शत्रूंचे गुण राहिले. कॅरेक्टर शीट हातात घ्या. वर काय लिहिलंय? अंगावरच्या चिलखताचा आकडा, किती मार सोसेल त्याचा आकडा, प्रत्येक शस्त्राचा आकडा. समोर कुणी अनोळखी आलं की सगळ्यांचे डोळे त्या आकड्यांवर जातात. मग हात फाशाकडे.

मामा — आमच्या दंडारीत पण तलवार होती. राजा होता, सैन्य होतं. म्हणून आम्ही काय रात्रभर लढाईच केली? सोंग घेणाऱ्याच्या मनात असलं तर तो तलवार हातात धरून पण रडवतो.

मी — बरोबर. पण तलवार फिरवली म्हणून तुम्हाला कुणी गुण देत नव्हतं. समोर बसलेली माणसं हसली, गप्प झाली, पुढच्या मंडईला पुन्हा बोलावलं, हाच तुमचा हिशेब. तुम्ही रडवायच्या मागे लागलात, कारण त्याचंच मोल होतं. आमच्याकडे समोर प्रेक्षक नाहीत. मोल काय आहे ते फक्त नियम सांगतात.

यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मुद्दा त्यांना पटला होता असं नाही. ते आपलं उत्तर जुळवत होते. ते उत्तर समजायला दंडारीबद्दल थोडं सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा आणि तलावांचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. हलका धान हाती येतो, दिवाळी होते आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे पाहुणे या गावातून त्या गावात जातात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत होते. नट म्हणजे गावचेच शेतकरी. बायकांची सोंगंही पुरुषच घेत. याच मातीतून पुढे झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलं. वडसा हे आज त्याचं मोठं केंद्र आहे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या कंपन्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात. एखाद्या गावचा माणूस शहरात कितीही शिकला तरी नाटकाच्या रात्री गावाकडे येतो. मी स्वतः अशीच येत आले आहे.

मामा — एकच दंडार आम्ही वर्षामागून वर्ष केली. पहिल्या वर्षी मी फक्त पाठ केलेलं बोलत होतो. मंग कळायला लागलं, इथं थांबायचं, इथं समोरच्याला पुढं जाऊ द्यायचं. ढोलकीवाला माझ्या पायाकडं पाहून ठेका बदलायचा. हे एका हंगामात येते का? तुम्ही आत्ता एकमेकांचं ऐकायला लागले, अन् तू त्यांच्या हातातला ठेकाच काढून घेऊन राहिली.

मी — डॉ. परशुराम खुणे यांचं नाव तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलंत. झाडीपट्टीचे नट, 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका. आठशे! एकच भूमिका धरून बसले असते तर?

मामा — भूमिका आठशे, पण रंगभूमी एकच. हे सोडून नको बोलू. लोक तेच, बोली तीच, रात्र तीच. पाय एका जागी घट्ट होते म्हणून आठशे सोंगं पेलली. तुम्ही पण त्याच खेळात दुसरं पात्र घ्या. चोर सोडा, वैद्य घ्या. कोण नाही म्हणते?

हे मामांचं सगळ्यांत भक्कम म्हणणं आहे आणि मी त्याच्याशी पुष्कळ झगडले. पात्र बदलणं आणि खेळ बदलणं या दोन गोष्टी सहज एक मानल्या जातात. वैद्य घेतला तरी त्याच्या कागदावर तेच आकडे असतात. जखम बरी करायची ती पुन्हा लढायला उभं राहण्यासाठी. गावात साथ आली, औषध थोडं आहे, आधी कुणाला द्यायचं, या प्रश्नाबद्दल ते नियम काहीच बोलत नाहीत. सूत्र धरणारा हुशार असेल तर तो प्रसंग खुलवील. पण मग तो नियमांच्या बाहेर जाऊन खुलवतो, आणि तीनशे पानांचं पुस्तक बाजूला पडून राहतं.

मी — मामा, झाडीपट्टीच्या नाटकात आज बायकांची कामं कोण करतं?

मामा — बायका करतात. चांगल्या करतात.

मी — तुमच्या वेळी पुरुष करत होते. मग सोंगं तीच राहिली का? सासू-सुनेचं, विधवेचं, पळून गेलेल्या पोरीचं नाटक पुरुषाने केलं तेव्हा जे होतं तेच आज आहे? रंगभूमी एकच म्हणता, पण तिच्यात कुणी उभं राहायचं हा एक नियम बदलला आणि गोष्टी बदलल्या.

मामा — बदलल्या. पण तो बदल लोकांनी केला, सावकाश केला, बाई. एका पोरीने छपरीत बसून ठरवला नाही.

मी — इथे लोक म्हणजे आम्हीच.

मामांना वाटतं की हे खेळ एका खेळाला चिकटून राहिलेल्या माणसांनी घडवले असतील. इतिहास तसा नाही, आणि हा इतिहास मला फार आवडतो म्हणून सविस्तर सांगते. अमेरिकेत मिनेसोटात लुटुपुटीच्या लढाया खेळणारं एक मंडळ होतं. टेबलावर शिशाचे सैनिक, नेपोलियनच्या काळातली युद्धं, दोन बाजू, दोन सेनापती. 1969 मध्ये त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि जास्तीच्या खेळाडूंना सैन्याऐवजी माणसं दिली: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला. माणसं आपापसांत कुजबुजायला लागली, कारस्थानं करायला लागली, वेस्लीच्या हातात काही राहिलं नाही. खेळ फसला असं त्याला वाटलं. खेळणारे मात्र पुन्हा खेळू म्हणून मागे लागले. त्या मंडळात डेव्ह आर्नेसन होता. त्याने 1971 च्या सुमारास 'ब्लॅकमूर' मांडलं, किल्ला आणि त्याखालची भुयारं असलेलं. तिथून गायगॅक्सशी हातमिळवणी आणि तीन वर्षांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पहिली छपाई फक्त 1000 प्रतींची होती.

मी — म्हणजे बघा, ठरलेलं मंडळ होतं, नेहमीची जागा होती, आणि कुणीतरी म्हणालं, या खेपेला दुसरं काही करू. ते म्हटलं नसतं तर आज आमच्या हातात हे फासेही नसते.

मामा — अन् आर्नेसनने मंग दर महिन्याला नवीन काढलं का?

मी — नाही. ब्लॅकमूर त्याने पुढे वर्षानुवर्षं चालवलं.

मामा — मंग! एकदा बदलला अन् मंग धरून बसला. तू बदलाचंच सांगतेस, बसण्याचं सांगत नाहीस.

मला हे मान्य करावं लागलं. तरी वाद खरा पेटला तो कचारगडावरून.

दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजासाठी ती उगमाची जागा आहे. कोया पुनेम या त्यांच्या धर्माच्या कथेत तिथे मुलं शिळेआड कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला, आणि हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या किंगरीच्या सुरांनी ती शिळा हलवली, असं सांगतात. शिळा हलली आणि त्यात त्याचा जीव गेला. माघ पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या परंपरेवर लिहून ठेवलं आहे. आमच्यापैकी एकाने सहज सुचवलं, पुढची गोष्ट कचारगडसारख्या गुहेत करू, आत खजिना ठेवू, राखणदार ठेवू. आमच्यातला एक मित्र गोंड आहे. तो एवढंच म्हणाला, "तिथे आम्ही जोडे काढून जातो."

मामा — मी त्या दिवशी उठून बसलो होतो. ज्या गुहेतून लेकरं बाहेर आणली तिथं तुम्ही सोनं लुटायला जाणार? हे इथं नाही चालणार.

मी — नाहीच चालणार. पण असं सुचलं तरी का, ते बघा. सुचवणारा वाईट नाही. त्याच्या हातातल्या खेळाला गुहा दिसली की आत राखणदार आणि खजिनाच दिसतो. त्या खेळाचं अर्धं नावच 'डंजन' आहे. याच गुहेच्या कथेत सूर वाजवून शिळा हलते. आमच्या नियमांत त्याला जागा कुठे आहे? एक गाणारं पात्र आहे, तेही लढणाऱ्यांना जोर यावा म्हणून गातं.

मामा — मंग जागा बदला. खेळ काहून बदलता? राक्षस दूरचा ठेवा, देश दूरचा ठेवा. माझं ऐक. दरेकसाचं नाव बाहेरच्या लोकांनी पेपरात कशासाठी वाचलं? धबधब्यासाठी? नक्षल्यांचं 'दरेकसा दलम' म्हणून वाचलं. वर्षानुवर्षं बंदुकीच्या बातमीतच आलं हे नाव. इथल्या पोट्ट्यांनी जंगलात लढायचंच असेल तर ड्रॅगनशी लढू दे. तो कुणाचा भाऊ नाही, कुणाचा साळा नाही. तुमच्या खेळाची मला आवडलेली गोष्ट हीच आहे. तू त्यांना इथल्या गोष्टीत आणशील, अन् इथल्या गोष्टीत जखमा खऱ्या आहेत.

या बोलण्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. दूरच्या देशातला राक्षस माणसाला मोकळं करतो हे खरं आहे. आमच्यातली एक मैत्रीण रुग्णालयात रात्रपाळी करून येते. तिला इथलं, खरं, दुखरं काही नको असतं, तिला आगीचे गोळे फेकायचे असतात, आणि तो तिचा हक्क आहे. तरीही दूर जाण्याची वाट एकच आहे असं मी मानत नाही. 1981 मध्ये सँडी पीटरसनने 'कॉल ऑफ क्थुल्हू' काढला. त्यातली माणसं साधी असतात: ग्रंथपाल, डॉक्टर, पत्रकार. त्यांना बंदूक फारशी वाचवत नाही. जितकं जास्त कळत जातं तितका मनाचा तोल ढळतो, आणि त्या तोलाचा आकडा कागदावर लिहिलेला असतो. तिथेही राक्षस आहे, पण त्याला बघितल्याची किंमत माणूस मोजतो. आमच्या खेळात शंभर राक्षस मारून माणूस जसाच्या तसा राहतो, उलट बळकट होतो. भीतीबद्दल खरं बोलायला मला दुसरा खेळ जवळचा वाटतो.

मग मी मामांना 'द क्वाएट इयर'बद्दल सांगितलं. माझ्या मनात होता तो हाच खेळ. कॅनडाच्या एव्हरी ऑल्डर यांचा, 2013 चा. यात सूत्रधार नाही आणि कुणाला स्वतःचं पात्रही नाही. मधे एक कोरा कागद आणि पत्त्यांचा कॅट. 52 पत्ते म्हणजे वर्षाचे 52 आठवडे. बदाम म्हणजे वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. लढाई नुकतीच संपली आहे, वस्ती वाचली आहे, आणि तिला एक शांत वर्ष मिळालं आहे. प्रत्येक जण आपल्या पाळीला एक पत्ता ओढतो, त्यावरचा प्रश्न वाचतो आणि उत्तर नकाशावर काढतो. त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट करायची: काहीतरी नवं सापडलं असं काढायचं, एखादं काम सुरू करायचं, किंवा चर्चा मांडायची. कामाला किती आठवडे लागतील तेवढ्या आकड्याचा फासा नकाशावर त्या जागी ठेवायचा आणि दर आठवड्याला एकाने कमी करायचा. इस्पिकचा राजा कधी निघेल ते कुणाला माहीत नसतं. तो निघाला की खेळ थांबतो, कामं अर्धी असोत की पुरी.

मामा — चर्चेत ठरते काय?

मी — काहीच ठरत नाही. प्रत्येकाने एकदाच बोलायचं, एक-दोन वाक्यं, किंवा एक प्रश्न. मग चर्चा बंद. पुढच्या पाळीला ज्याच्या मनात जे येईल ते तो करतो.

मामा — अन् दुसऱ्याला राग आला तर?

मी — रागासाठी खडे आहेत. टेबलावर मधे एक ढीग असतो. मला विचारल्याशिवाय झालं असं वाटलं की त्यातला एक खडा उचलून आपल्यासमोर ठेवायचा. भांडायचं नाही, कारण सांगायचं नाही. खडा सगळ्यांना दिसतो. पुढे आपणच सगळ्यांना दुखवून काही केलं, तर तो परत टाकून हिशेब फेडायचा.

मामांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग ते मामा तलावाबद्दल बोलायला लागले. झाडीपट्टीत माजी मालगुजारी तलावांना सगळे मामा तलावच म्हणतात. जुन्या मालगुजारांच्या काळात बांधलेले, आणि गावाचा धान त्यांच्या भरवशावर. रोवणीच्या वेळी पाऊस ताणला की तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचं यावर गावं फुटतात. मामांनी अशी भांडणं जवळून पाहिली आहेत. माणसं बैठकीत एक शब्द बोलत नाहीत आणि वर्षभर एकमेकांच्या दारात जात नाहीत, असं ते म्हणाले. तो न बोललेला राग खड्याच्या रूपाने समोर मांडायचा नियम त्यांना खरा वाटला.

मी — आता सांगा, हे तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुठे बसवणार? पाण्याच्या भांडणासाठी कुठला फासा टाकायचा?

मामा — नाही बसत. पण याच्यात माझा चोर पण नाही बसत. तू म्हणतेस पात्रच नाही. मंग मी ऐकू कोणाचं? दंडारीत गाव कधी बोलत नाही बाई, गावातला एक माणूस बोलतो. सोंग नसलेला खेळ म्हणजे ग्रामसभा. ती आम्हाला फुकटात पाहायला भेटते.

मी — ग्रामसभेत ती रात्रपाळीवाली मुलगी बोलते का? या खेळात तिची पाळी येते आणि तिच्या पाळीत तिला कुणी अडवू शकत नाही. तिने ठरवलं तलाव खोल करायचा, की फासा ठेवला, काम सुरू.

दुसरं काहीही ऐकायला मी तयार असते, पण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. खेळाचा नियम ठरवतो की कुणाचं बोलणं मोजलं जाईल. आमच्या टेबलावर मोठ्या आवाजाचे दोघे जण लढाईत पुढे असतात, आकडे पटापट जोडतात, आणि बाकीचे हळूहळू प्रेक्षक होतात. कुणाच्याही मनात तसं नसतं. पाळीचा खेळ मांडला की तीच माणसं वेगळी बसतील, वेगळं बोलतील. हे समजण्यासाठी एकदा तरी खेळ बदलावाच लागतो, कारण एकाच खेळात राहून तो आपल्याकडून काय करून घेतो ते दिसत नाही.

मामांनी मग माझी खरी अडचण पकडली.

मामा — आपल्या गावची ती पोरगी आहे ना, तिला इंग्रजी वाचता येत नाही. तुमचं जाडं पुस्तक तिने ऐकून ऐकून पाठ केलं. आत्ता ती दुसऱ्यांच्या चुका काढते. तू नवीन पुस्तक आणशील, ते पण इंग्रजीच. मंग ती पुन्हा मागच्या बाकावर. तुला अनेक खेळांची हौस आहे कारण तुला वाचता येते.

हे बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. नव्या खेळाचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. पुस्तकं महाग, इंग्रजीत, आणि शिकण्याचे रविवार गोष्टीतून वजा होतात. त्यावर माझं उत्तर असं आहे. सगळे खेळ जाडे नसतात. जेसन मॉर्निंगस्टारचा 2009 चा 'फियास्को' एका बैठकीत सुरू होऊन संपतो, सूत्रधार लागत नाही, दोन रंगांचे फासे पुरतात. त्यात मोठ्या महत्त्वाकांक्षेची आणि थोड्या अकलेची माणसं सगळा घोळ घालतात. 'ड्रेड'मध्ये फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून ठोकळे ओढायचे आणि मनोरा पडला की ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गेलं. हे नियम चहा होईपर्यंत तोंडी सांगता येतात. 'द क्वाएट इयर'ची तर मुख्य सामग्री म्हणजे पत्ते, जे प्रत्येक घरात आहेत.

भाषेचं सांगायचं तर आज दार उघडं आहे. 'फेट' या खेळाचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. मूळ लेखकांचं श्रेय दिलं की कुणीही त्यांचं भाषांतर करावं, बदल करावेत, छापावेत. जानेवारी 2023 मध्ये परवान्यावरून जगभरच्या खेळाडूंनी मोठा विरोध केल्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियमही तशाच परवान्याखाली खुले झाले. म्हणजे मामांचा लाडका खेळसुद्धा मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत कायदेशीरपणे लिहिता येईल. हे काम कुणीतरी करायला हवं, आणि मी ते सुरू केलं आहे. नियम सोपे करून लिहिते आणि इंग्रजी न येणाऱ्या त्याच मैत्रिणीला वाचून दाखवते. तिला एका वाचनात कळलं नाही तर माझं वाक्य चुकलं असं धरते.

मामा — मंग हेच कर ना. आहे तोच खेळ मराठीत आण. सगळ्यांच्या हातात दे. ते झालं की मंग बदलाचं बोल.

मी — तोपर्यंत किती मंडया जातील मामा? मंडळातली माणसं कायमची नसतात. एकाची बदली होईल, एकीचं लग्न ठरेल. मला या माणसांना वेगवेगळ्या खेळांत बघायचं आहे. तो चोर चालवणारा मुलगा वस्तीचा नकाशा काढायला बसला तर काय काढील, हे मला खरंच बघायचं आहे.

मामा — अन् मला बघायचं आहे, तो चोर गोष्टीतल्या म्हातारीचे चोरलेले पैसे परत करतो का नाही. तुमचं बघणं मोठं अन् माझं लहान का?

लहान नाही. गोष्ट अर्धी टाकून उठणं ही ऐकणाऱ्याशी केलेली बेइमानी आहे, हे मी मामांकडूनच शिकले. म्हणून आम्ही ठरवलं ते असं: चोराची गोष्ट आधी पुरी होईल. घाईने नाही, तिच्या चालीने. त्यानंतर पत्त्यांचा खेळ. त्यावर मामांनी एक अट घातली. त्या नकाशावर जी वस्ती तयार होईल ती फेकायची नाही. पुढे कोणताही खेळ मांडा, तो त्याच वस्तीत घडेल. तीच नदी, तोच तलाव, तेच अर्धं राहिलेलं काम. ज्याने खडा उचलला होता त्याचा राग पुढच्या खेळातल्या माणसाला सोसावा लागेल.

मला ही अट अजून मान्य नाही. प्रत्येक खेळाला स्वतःची हवा लागते. भीतीच्या खेळाला जी वस्ती हवी ती पाण्याच्या भांडणाच्या वस्तीहून वेगळी असू शकते. मामा म्हणतात, वेगळी कशी असेल, माणसं तीच आहेत. त्यांनी अट मागे घेतलेली नाही आणि छपरी त्यांची आहे. मी त्यांना उलटी अट घातली आहे: पत्त्यांच्या खेळाला त्यांनी खाटेवरून न ऐकता सतरंजीवर यायचं आणि आपल्या पाळीचा पत्ता ओढायचा. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. पण वसंताचा पहिला पत्ता निघाला तर तलाव नकाशात कोणत्या बाजूला काढायचा, हे त्यांनी मामींना कालच सांगून ठेवलं आहे, आणि मामींना ती बाजू चुकीची वाटते.